चार तांब्यांचा एक तांब्या

पाण्याचा घोट घेतला की गेणभाऊ डोळे मिटून घेत. घोट लगेच गिळत नसत. जिभेच्या टोकावरून मागे, मागून गालात, गालातून पुन्हा जिभेखाली, असा तो सावकाश फिरवत, आणि तेवढ्या वेळात त्यांना त्या पाण्याची वाट दिसे. मुरमातून पाझरलेलं असलं तर तांबूस, ओलसर, उतरत जाणारा बोळ दिसे. कातळाच्या चिरेतून आलेलं असलं तर नुसता काळोख दिसे, आणि त्या काळोखात लांबवर चांदीची एक बारीक तार हलत असे. हे ते सहसा कुणाला सांगत नसत. सांगितलं की लोक हसत.

हसत, पण बोलावत. महाळुंगे पडवळच्या आसपास कुणी विहीर खोदली किंवा बोअर घेतलं की नारळ फुटायचा, आणि पहिला तांब्या गेणभाऊंच्या हाती जायचा. त्यांनी घोट गिळून मान हलवली की मग मालक प्यायचा. ही रीत कुणी घालून दिली नव्हती. चाळीसेक वर्षांत ती आपोआप पडली होती. गेणभाऊ आता पंच्याहत्तरीला आले होते. दात गेले, डोळ्यांचं ऑपरेशन झालं, गुडघे कुरकुरू लागले, पण जीभ शाबूत होती.

मंचरचे सोहनलालशेठ, किराण्याचे व्यापारी. त्यांनी बंगल्याच्या आवारात बोअर घेतलं तेव्हा मुद्दाम गाडी पाठवून गेणभाऊंना नेलं. गेणभाऊंनी घोट घेतला, डोळे मिटले, आणि त्यांना पांढरट खड्यांतून खरडत, धापा टाकत येणारं पाणी दिसलं.

"शेठ, चुनखडीतनं आलंय. झाडांना घाला, गाडी धुवा. डाळ काय शिजायची न्हाई."

शेठजींच्या पत्नी उगमबाईंनी त्याच दिवशी खात्री करून घेतली. कुकरच्या आठ शिट्ट्या झाल्या, तरी तूरडाळ कवडीसारखी टणकच.

"गेणभाऊ, आधी सांगितलं असतंत तर दोनशे फूट तरी वाचले असते!" सोहनलालशेठ म्हणाले.

"खाली उतरून चाखायला दोर नव्हता, शेठ."

गेणभाऊंची स्वतःची विहीर मात्र त्यांच्या वडिलांनी खोदलेली. सात परस म्हणजे चाळीसेक फूट खोल, घडीव दगडात बांधलेली, आत उतरायला भिंतीतून बाहेर काढलेले दगडी पायटे. दुपारी कठड्यावरून वाकून पाहिलं तर तळाशी आभाळाचा वाटोळा तुकडा दिसे, आणि आपण त्याला वरून पाहतोय की तो आपल्याला खालून पाहतोय, हे क्षणभर कळत नसे. चहूबाजूंनी त्यांचंच रान. कालव्याचं पाणी आल्यापासून त्या रानाला उसंत नव्हती. कांदा निघाला की बटाटा, बटाटा निघाला की मका. वस्तीवर नळ आले, दिवसाआड पाणीही येऊ लागलं. पण पिण्याचा हंडा विहिरीवरूनच भरला जाई.

आणि वस्तीत कुणी बाळंत झाली की पाचवीच्या दिवशी त्या विहिरीची एक कळशी तिच्या घरी जाई. कळशीच्या तोंडावर विड्याचं पान, पानावर सुपारी. ते पाणी आटवायचं, कोमट करायचं आणि बाळ-बाळंतिणीला द्यायचं. आटवण्याचं मापही ठरलेलं, चार तांब्यांचे दोन. पाणी जितकं आटेल तितकं हलकं होतं, असं साळुबाईंना त्यांच्या सासूने सांगितलं होतं आणि सासूला तिच्या सासूने. साळुबाई म्हणजे गेणभाऊंच्या पत्नी. कळशी भरून, पान लावून देण्याचं काम त्यांचं.

मागच्या वर्षी ग्रामपंचायतीने पाणी तपासायला गावातल्या पाच बायका निवडल्या. त्यात गेणभाऊंची सून वृषाली होती. मुलगा संपत मंचरच्या मार्केटात कामाला. त्याची ही बायको दहावी शिकलेली, हिशेबी, बोलायला तिखट. दोन दिवसांचं शिक्षण घेऊन ती घरी आली ती एक निळी पेटी घेऊन. पेटीत काचेच्या नळ्या, थेंब टाकायच्या कुप्या आणि रंगांचे चौकोन छापलेली एक पट्टी.

गेणभाऊ ओसरीवरून बराच वेळ पेटीकडे बघत राहिले.

"काय करती ही?"

"पानी तपासती, मामा." सासऱ्यांना ती मामा म्हणे.

"तिला जीभ कुठंय?"

"जीभ न्हाई. पण तिला इडीची सवयबी न्हाई."

साळुबाईंनी तोंडाला पदर लावला. गेणभाऊंनी हातातली विडी खाली ठेवली, पण विझवली नाही.

मग सासऱ्या-सुनेची पैज लागली. वृषालीने तीन पेले भरून आणले. शाळेच्या बोअरचं, गावच्या टाकीचं आणि घरचं. "वळखा," ती म्हणाली.

पहिल्या पेल्याला गेणभाऊ म्हणाले, "टाकी. पावडरीचा वास लपत नाय." दुसऱ्याला म्हणाले, "मचूळ. शाळा." तिसरा घोट घेतल्यावर मात्र ते बोललेच नाहीत. मिटल्या डोळ्यांपुढे काळोख पसरला होता आणि त्यात ती चांदीची तार हलत होती. तारेच्या मागे मागे गेलं की पार पश्चिमेकडे, तळेघरच्या अंगाला, धुक्यात बुडालेली भाताची खाचरं लागत. तिथे त्यांच्या जन्माच्याही आधी पडलेला पाऊस कातळात शिरला होता आणि इतकी वर्षं, घाई न करता, त्यांच्याकडे चालत येत होता. गेणभाऊंचा या वाटेवर विश्वास होता.

"आलं का घरी?" वृषालीने विचारलं, तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

तिने प्रत्येक पाण्यात आपले थेंब टाकले. टाकीच्या पाण्यात पावडर निघाली, शाळेचं जड निघालं. पेटीचं आणि जिभेचं जमत होतं. शेवटी घरच्या पाण्याच्या नळीत तिने एक पूड टाकली, हलवली आणि घड्याळ लावून बसली. दहा मिनिटांत पाणी गुलाबी झालं, देवळातल्या कण्हेरीसारखं.

"हे कशानं?"

"नायट्रेट. आपन युरिया टाकतो, कोंबडखत टाकतो, त्यातलं मुरून खाली जातं."

गेणभाऊंनी पेल्यातला उरलेला घोट घेतला. डोळे मिटले. तार होती, खाचरं होती, धुकं होतं. बाकी काहीच नव्हतं.

"मला नाय लागत."

"त्याला चवच नसती, मामा. वासबी नाय, रंगबी नाय."

"मग ते हाय कशावरनं?"

"या गुलाबीवरनं." तिने नळी पट्टीला लावली. पंचेचाळीस आकड्याच्या चौकोनापेक्षा ती एक छटा फिकी होती. "बसतंय. पंचेचाळीसच्या आत हाय."

"म्हंजे पास?"

"काठावर."

"संपतबी काठावरच पास झाला व्हता. मार्केटात हाय का न्हाई आज?"

वृषालीने वही उघडली. वहीत रकाने होते, नळ, टाकी, शाळा, अंगणवाडी, हातपंप. खासगी विहिरीला रकाना नव्हता. पेटी सार्वजनिक पाण्यासाठी होती, खासगी विहीर ज्याची त्याने बघायची. तिने क्षणभर पेन धरलं आणि वही मिटली.

गेणभाऊंनी मात्र चार दिवस ही गोष्ट पुरवून पुरवून सांगितली. मारुतीच्या पारावर त्यांनी "सरकारी पेटीत पास" म्हटल्यावर त्यांचा शेजारी कुशाबा म्हणाला, "आता सर्टिफिकीट छापून कठड्याला लावा, राव."

थंडी पडली. कांद्याची रोपं लावायची गडबड सुरू झाली. त्यातच नात, वृषालीची लेक हर्षाली, बाळाला घेऊन माहेरी आली. ती चाकणला दिली होती. ऑपरेशन करावं लागल्याने बाळंतपण तिकडच्याच दवाखान्यात झालं, आणि सव्वा महिना भरल्यावर ती आली. बाळाचं नाव समर्थ ठेवलं होतं. नाव भारी, जीव मूठभर. हर्षालीला दूध पुरत नव्हतं म्हणून डॉक्टरांनी डब्यातल्या पावडरीचं वरचं दूध सांगितलेलं.

"पावडर त्यांची, पानी आपलं," साळुबाई म्हणाल्या, आणि त्यांनी परसात चूल पेटवली.

पितळी पातेल्यात चार तांबे पाणी, मंद जाळ, वर वाफेचा पांढरा दोर. दोन तांबे उरले की उतरवायचं, फडक्यातून गाळायचं, थर्मासात भरायचं. त्या वाफेकडे बघत बसायला गेणभाऊंना आवडे. पाण्यातला जडपणा धूर होऊन आभाळात चाललाय आणि पातेल्यात नुसता हलकेपणा उरतोय, असं त्यांना वाटे. पणतू मांडीवर असे. विहिरीच्या तळातला गारवा, चुलीची ऊब आणि बाळाच्या टाळूचा वास, या तिन्हींत त्यांची दुपार तरंगत जाई.

आठवडा गेला. बाळ जरा मलूल वाटू लागलं. बाटली तोंडाला लावली की चार घोट घेई आणि दमल्यासारखं सोडून देई. रडेही कमी.

"गुणाचं हाय," साळुबाई म्हणाल्या.

"आजी, इतकं झोपत नव्हता तो चाकणला," हर्षाली म्हणाली.

वृषाली त्या दिवसांत घरी नसायची. सकाळी रानात आणि दुपारी पेटी घेऊन वाड्यावस्त्यांवर. तेव्हा विचारायचं कुणाला? हर्षालीने आजोबांना विचारलं. गेणभाऊंनी थर्मासातलं चमचाभर पाणी जिभेवर घेतलं. डोळे मिटले. या वेळी तार दिसली नाही. काळोख जरा दाट होता, आणि जिभेच्या कडांना काहीतरी ओझं टेकल्यासारखं झालं.

"जड लागतंय," ते म्हणाले. "आणखी आटव."

साळुबाईंनी त्या दिवसापासून दोन तांब्यांचा एक केला. चार तांब्यांचा एक तांब्या. जाळ वाढला, वाफ वाढली. घरात एवढं निगुतीनं केलेलं पाणी दुसऱ्या कुणाला मिळालं नव्हतं.

चौथ्या दिवशी दुपारी गेणभाऊ अंगणात पाय लांब करून बसले होते. पायांवर समर्थ. तेल लावून, आंघोळ घालून त्याला उबदार उन्हात ठेवलं होतं. गेणभाऊ त्याच्याकडे बघत होते आणि त्यांना वाटलं, याच्या ओठांवर संध्याकाळ उतरली आहे. खाली विहिरीच्या तळाशी असते तशी, करडी-निळी, थंड. ते कितीतरी वेळ ती संध्याकाळ बघत राहिले. मग त्यांच्या ध्यानात आलं की ऊन तर डोक्यावर आहे.

त्यांनी बाळाची मूठ उघडली. नखंही तशीच.

"हर्षे!" त्यांनी हाक मारली. तेवढ्यात वृषाली फाटकातून आत आली. तिने पेटी खाली ठेवली, बाळाचा खालचा ओठ बोटाने ओढून पाहिला आणि विचारलं, "वरचं दूध कुठल्या पान्यात करता?"

"आपल्याच. आटवून," साळुबाई म्हणाल्या.

वृषालीचा चेहरा उतरला. शिक्षणात एक ओळ होती, नायट्रेटने सहा महिन्यांच्या आतलं बाळ निळं पडतं. तिने ती वहीत लिहूनही घेतली होती. "पिशवी भर, हर्षाली. थर्मास घे. वतू नको, तसाच घे."

कुशाबाची पिकअप कांदा भरून मार्केटला निघाली होती. कुशाबाने काही विचारलं नाही. गोण्यांवर गोण्या रचलेल्या गाडीत पुढे हर्षाली, बाळ आणि साळुबाई, मागे गोण्यांवर वृषाली आणि गेणभाऊ. मंचरच्या हायवेला ट्रकांची रांग लागलेली. कुशाबा हॉर्नवरचा हात काढायला तयार नव्हता. गेणभाऊ गोणीला धरून बसले होते आणि वाऱ्याने डोळ्यांतलं पाणी कानाकडे जात होतं.

लहान मुलांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बाळाला ऑक्सिजन लावला, टाचेतून रक्ताचा थेंब काढला आणि पांढऱ्या कागदावर ठेवला. रक्त लाल नव्हतं. पातळ गुळवण्यासारखं तपकिरी दिसत होतं.

"पाणी कुठलं देता?"

"विहिरीचं," वृषाली म्हणाली. "मी तपासलं व्हतं, मॅडम. नायट्रेट पंचेचाळीसच्या आत आलं व्हतं."

"उकळून?"

"उकळून कसलं, आटवून," साळुबाई घाईने म्हणाल्या. त्यांना वाटलं आपल्या निष्काळजीपणाबद्दल विचारतायत. "चार तांब्यांचा एक तांब्या."

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. "इतकं आटवायला कुणी सांगितलं?"

साळुबाई फरशीकडे बघू लागल्या. हर्षालीने बाळाच्या पावलावर हात ठेवला आणि मान वर केली नाही. नवऱ्याचं नाव साळुबाई घेणार नव्हत्या आणि आजोबांचं नाव हर्षाली घेणार नव्हती, हे गेणभाऊंना कळलं. ते काठी टेकत पुढे आले.

"मी सांगितलं. चव घिऊन सांगितलं."

"आजोबा, उकळलं की जंतू मरतात. हे जंतू नव्हेत. पाण्याची वाफ होऊन जाते आणि हे सगळं खालीच राहतं."

तरुणपणी गेणभाऊ गुऱ्हाळावर राबले होते. "रस आटला की काहिलीत गूळ उरतो, तसं?"

"अगदी तसंच. तुम्हा मोठ्यांना एवढं बाधत नाही. एवढ्याशा जिवाचं रक्त मात्र नासतं, त्याला हवा धरता येत नाही."

"वाचंल का?"

"वेळेत आणलंय," त्या म्हणाल्या. पण "वाचेल" असं म्हणाल्या नाहीत, हे गेणभाऊंच्या लक्षात आलं.

औषध दुसऱ्या दवाखान्यातून आणवावं लागलं. ते निळं होतं. गडद, शाईसारखं निळं. बाळ निळं पडलंय आणि त्याला निळंच औषध देतायत, हे बघून साळुबाईंनी हात जोडले, कुणाला ते त्यांनाही ठाऊक नसावं. गेणभाऊंना आत बसू दिलं नाही. ते बाहेर बाकावर बसले. खिडकीतून दुपारचं ऊन तिरपं आत येत होतं, त्यात धुळीचे कण वरखाली होत होते, आणि त्या कणांकडे बघता बघता त्यांचे डोळे मिटले.

तोंडात पाण्याचा घोट नव्हता, तरी वाट दिसू लागली. काळोख, आणि काळोखात तार. सवयीने ते पश्चिमेला निघाले, धुक्याच्या खाचरांकडे. पण तार तिकडे वळेना. ती वर चढू लागली, सरळ वर, आणि थोड्याच वेळात त्यांना डोक्यावर मुळं लोंबताना दिसली. कांद्याची पांढरी, केसासारखी मुळं. त्यांच्याच रानातली. मुळांमधून पांढरे गोल दाणे खाली गळत होते, साबुदाण्यासारखे, आणि गळता गळता विरघळत होते. बांधाच्या कडेला कोंबडखताचा ढीग होता, त्यातून पिवळा ओघळ येत होता. वर कुणीतरी चालत होतं. फडक्याची झोळी गळ्यात, मूठ भरायची आणि फेकायची, मूठ भरायची आणि फेकायची. त्या चालण्याची लय गेणभाऊंनी ओळखली. ते स्वतःच होते. तिशीतले, पन्नाशीतले, सत्तरीतले, एकामागोमाग एक, सरीसरीने खत विसकटत चाललेले. खाली पाणी वाट बघत होतं आणि सगळं घेत होतं. ते नाही म्हणत नव्हतं. पाणी कशालाच नाही म्हणत नाही.

"मामा."

वृषाली समोर उभी होती. तिचे डोळे लाल होते.

"या बघायला," ती म्हणाली.

समर्थच्या हाताला नळी होती. पण ओठांवरची संध्याकाळ मावळली होती. तिच्या जागी पहाट म्हणावी असा रंग आला होता, अजून फिका, पण आपला. त्याने तोंड वेडंवाकडं केलं आणि रडायला सुरुवात केली, मोठ्याने, हक्काने. पंधरा दिवसांत त्याने असा आवाज काढला नव्हता.

दुसऱ्या दिवशी साळुबाईंनी दुपटं बदललं आणि किंचाळल्या. दुपटं हिरवं-निळं झालं होतं. नर्स धावत आली आणि हसू आवरत म्हणाली, "आजी, औषधाचा रंग आहे. निघून चाललाय."

"मेल्यानं रंगपंचमी आताच खेळून घेतली," साळुबाई म्हणाल्या, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा रडल्या.

घरी आल्यावर वृषालीने पेटी उघडली. एका नळीत विहिरीचं पाणी, दुसरीत थर्मासात उरलेलं. दहा मिनिटं ती आणि गेणभाऊ ओट्यावर बसून राहिले. पहिली नळी गुलाबी झाली. दुसरी गुलाबी होऊन थांबली नाही. ती चढत गेली, बिटाच्या रसासारखी झाली. पट्टीवर तसा चौकोनच नव्हता.

"मी विहीर तपासली," वृषाली म्हणाली. "बाटली तपासायला पायजे व्हती. आपल्या घरात पानी कसं देतात हे मला ठावं न्हाई व्हय? मीबी तेच पिऊन बाळंतीन झाले."

"तवा रानाला एवढं खत नव्हतं," गेणभाऊ म्हणाले. "वहीत लिही."

"रकाना न्हाई, मामा."

"तुला रेघ मारता येती ना?"

तिने पट्टी घेऊन पानाच्या तळाशी रेघ मारली आणि लिहिलं: खासगी विहीर. पुढे गेणभाऊंचं नाव लिहिलं, आणि त्यापुढे दोन्ही नळ्यांचं जे होतं ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिमाबाई अंगणात येऊन उभी राहिली. वस्तीच्या वरच्या टोकाला तिचं घर. हातात घासून लखलखीत केलेली कळशी, कळशीत विड्याचं पान. सून बाळंत झाली होती, आज पाचवी होती. समर्थचं दवाखान्यात नेणं वस्तीला कळलं होतं, पण कशाने, ते कुणाला नीट कळलं नव्हतं. थंडी बाधली असेल, असंच सगळे म्हणत होते.

"साळुबाय, कळशी द्या भरून. आनि पोराचं बरं हाय ना आता?"

साळुबाईंचा हात सवयीने कळशीकडे गेला. मग त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं.

"चिमे, आमच्या विहिरीचं नको," गेणभाऊ म्हणाले.

चिमाबाईला आधी वाटलं थट्टा आहे. मग तिचा चेहरा बदलला. "का वो? आमच्याच कळशीला काय झालं? दिवाळीपासनं तीन कळशा दिल्या तुमी. बाळंतिनीला पानी नाय म्हनायचं, आसं घर म्या तरी बघितलं न्हाई!"

शेजारच्या दोघी-तिघी कुंपणाशी आल्या. चाळीस वर्षं गेणभाऊंनी दुसऱ्यांच्या पाण्याला नावं ठेवली होती. स्वतःच्या पाण्याला ठेवायचं कसं, ते शिकायचं राहून गेलं होतं.

"नाय म्हनत नाय. बाळाला बाधंल म्हनून देत नाय. समर्थचं रक्त त्यानंच नासलं. आमी ते आटवून आटवून दिलं, आनि जितकं आटवलं तितकं ते वाढलं. मीच सांगितलं व्हतं आटवायला."

"पन तुमची जीभ तर ग्वाड म्हनती ना?"

"ग्वाडच लागतंय, चिमे. आजबी. म्हनून तर भ्या वाटतंय."

चिमाबाईने कळशीतलं पान काढून हातात घेतलं. ते कुठे ठेवायचं हे तिला कळेना.

"टाकीचं घे," वृषाली मधे म्हणाली. "पावडर टाकलेलं अस्तंय, वास येईल, येऊ दे. ह्याच आठवड्यात तपासलंय, त्यात हे न्हाई. उकळी आली की उतरव. आटवायचं नाय अजिबात. आनि सून अंगावर पाजती ना? मग बाळाला पान्याची गरजच नाय."

"दिवाळीपासनं तीन कळशा," गेणभाऊ स्वतःशीच म्हणाले. मग त्यांनी काठी घेतली, पायांत वहाणा सरकवल्या. "चिमे, चल संगट. तुझ्या डोक्यात हायेत ती घरं."

पुढे गेणभाऊ, मागे रिकामी कळशी घेतलेली चिमाबाई, असे ते वस्तीतून निघाले. धुकं पुरतं उठलं नव्हतं. बराखीत साठवलेल्या जुन्या कांद्याचा वास हवेत होता. पहिल्या घरी बाळ होतं अडीच महिन्यांचं, अंगावर पिणारं, गुबगुबीत. गेणभाऊंनी ओठ पाहिले, नखं पाहिली, सांगायचं ते सांगितलं. त्या घरच्या म्हातारीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आता तुमचंबी पानी बिघडलं म्हना की." दुसऱ्या घरी कुलूप होतं. पोरगी बाळाला घेऊन सासरी गेली होती, शिरूरला. तिचा फोन नंबर चिमाबाईने शेजारणीकडून मागून घेतला. तिथेच उभं राहून गेणभाऊ बोलले, आणि पलीकडची पोरगी तीनदा "पण आबा, तुमच्याच विहिरीचं?" म्हणाली. तीनही वेळा ते "व्हय" म्हणाले.

तिसरं घर कुशाबाचं. त्याची नात दोन महिन्यांची. झोळीत झोपलेली.

"आटवलेलंच देतो घुटी उगाळायला," तिची आई म्हणाली. "तुमी सांगता तसं."

"उठव तिला."

"आत्ता तर झोपलीय, आबा. उठवली की दिवसभर किरकिर."

"मग बसतो," गेणभाऊ म्हणाले, आणि झोळीजवळ भिंतीला पाठ लावून बसले. चिमाबाईही कळशी मांडीशी घेऊन बसली. झोळी अंधाऱ्या कोपऱ्यात होती, तिथे बाळाचा चेहरा दिसत होता पण रंग दिसत नव्हता. कुशाबाच्या सुनेला यांचं काय चाललंय ते उमगेना. ती चहा ठेवायला आत गेली. ऊन दारातून आत यायला लागलं होतं, फरशीवरून बोट बोट पुढे सरकत. गेणभाऊ त्या उन्हाकडे बघत राहिले. ते झोळीशी पोचायला किती वेळ लागेल याचा अंदाज त्यांना येत नव्हता, आणि डोळे मिटायची त्यांची हिंमत होत नव्हती.

चहा आला, निवला. ऊन झोळीच्या काठाला लागलं, दोरीवर चढलं, मग गालावर आलं. बाळाने नाक मुरडलं, मुठी ताणल्या आणि भलीमोठी जांभई दिली.

तोंडात आत सगळं लालबुंद होतं. हिरड्या, जीभ, टाळू, सगळं.

गेणभाऊंनी नखंही पाहिली. दोन्ही हातांची, एकेक करून. मग त्यांनी कुशाबाच्या सुनेला समोर बसायला सांगितलं.

"पोरी," ते म्हणाले, "आता सांगतो ते नीट ऐक, आनि माझ्या जिभेचा दाखला पुन्यांदा कुनाला देऊ नको."

बाळ टक्क डोळ्यांनी त्यांच्याकडे बघत होतं.